पुस्तक देणारा पोलाक : एवढेच?

गांधींच्या दक्षिण आफ्रिकेतील वास्तव्यावर लिहिताना आपण हेन्री पोलाकला एका स्थानकापुरते आणतो. १९०४ साली जोहान्सबर्गला तो गांधींच्या हाती रस्किनचे ‘अन्टु धिस लास्ट’ ठेवतो, गाडी डर्बनकडे सुटते आणि पोलाक इतिहासातून उतरतो. ही मांडणी सोयीची आहे. न्याय्य मात्र नाही.

डोव्हरच्या ज्यू कुटुंबातला हा तरुण पत्रकार म्हणून ट्रान्सवालला आला. पुढे त्याने ‘इंडियन ओपिनियन’चे संपादन केले, गांधींच्या कचेरीत वकिलीची उमेदवारी केली आणि १९०८ मध्ये तो ॲटर्नी झाला. त्याच्या लग्नात गांधी वराचे साक्षीदार होते. त्यांना पाहून निबंधकाला शंका आली, की वरही गोरा नसावा! नोंदणी अडली; अखेर मुख्य दंडाधिकाऱ्याची चिठ्ठी आणावी लागली.

खरा मुद्दा १९०९ चा. गांधी लंडनमध्ये असताना भारतातली बाजू तिशीही न गाठलेल्या पोलाकने सांभाळली. गोखले आणि त्यांचा भारत सेवक समाज पाठीशी होता. पण गावोगावी सभा घेऊन तीन पौंडांचा कर आणि गिरमिट मजुरांची दैना समजावून सांगणारा हाच होता. मद्रासच्या नटेसन यांनी त्याची पुस्तिका छापली. रतन टाटांनी पंचवीस हजार रुपये दिले. फेब्रुवारी १९१० मध्ये गोखल्यांनी विधिमंडळात ठराव आणला आणि १ जुलै १९११ पासून नाताळकडे जाणारी मजूरभरती थांबली. श्रेय गोखल्यांचे, यात वाद नाही. पण त्या ठरावासाठी लोकमत तापवणाऱ्याचे नाव आपण का गाळतो?

“तो गोरा होता, त्याला सोपे होते,” असा आक्षेप येईल. काही अंशी खराच. कातडीने त्याला अनेक दारे उघडी होती, आणि ज्या लढ्यात तो उतरला त्याच्या मागण्या भारतीयांपुरत्याच होत्या. मूळ आफ्रिकी लोकांचे हक्क त्यात नव्हते. तेही लिहावे. परंतु नोव्हेंबर १९१३ मध्ये हा मनुष्य भारताला निघण्याच्या तयारीत होता. निघण्यापूर्वी तो मोर्चातल्या गांधींना भेटायला गेला. तेथेच गांधींना अटक झाली, तेव्हा प्रवास बाजूला ठेवून तो मजुरांसोबत चालू लागला. चार्ल्सटाउनला त्यालाही पकडले. फोक्सरस्टच्या न्यायालयात या ॲटर्नीला तीन महिन्यांची कैद झाली, ती आरोपी म्हणून.