एका रुग्णालयाचे दोन दरवाजे

मी ज्या खासगी रुग्णालयात आठवड्यातून दोन दिवस सल्लागार म्हणून जातो, त्याला आता दोन प्रवेशद्वारे झाली आहेत. दर्शनी दारातून ‘एक्झिक्युटिव्ह चेकअप’ची मंडळी येतात. त्यांच्यासाठी सोफे, वर्तमानपत्रे आणि रक्त देऊन झाल्यावर नाश्ता. मागच्या दारातून सरकारी योजनेचे रुग्ण येतात. त्यांच्यासाठी बाकडी आणि टोकन. दोन्ही दारांनी आलेल्यांचे रक्त मात्र एकाच प्रयोगशाळेत, एकाच यंत्रात तपासले जाते. व्यवस्थापनाकडे मी हा विषय काढला, तेव्हा उत्तर मिळाले, “पुढचे पेशंट मागच्यांबरोबर बसायला तयार नसतात, सर.” ते उत्तर खोटे नव्हते, म्हणूनच ते मनाला लागले.

स्मरणिकेसाठी माझ्याकडून मधुमेहावर वा हृदयविकारावर लेख अपेक्षित होता, याची मला जाणीव आहे. परंतु आर्थिक विषमता हाही आपल्याच शास्त्राचा विषय आहे. १८४८ साली अप्पर सायलेशियातील टायफसच्या साथीची पाहणी करून परतलेल्या रुडॉल्फ व्हिर्शो यांनी उपाय म्हणून औषधे नव्हे, तर शिक्षण, स्वायत्तता आणि न्याय्य करपद्धती सुचविली होती. लंडनच्या सरकारी नोकरांवरील ‘व्हाइटहॉल’ अभ्यास १९६७ साली सुरू झाला. हे सारे कायम नोकरीतील, मोफत आरोग्यसेवा लाभलेले लोक होते. तरीही सर्वांत खालच्या श्रेणीत हृदयरोगाने होणारे मृत्यू सर्वांत वरच्या श्रेणीच्या सुमारे तिप्पट आढळले. धूम्रपान व रक्तदाब यांचा हिशेब वजा केल्यावरही फरक उरलाच. म्हणजे उपासमार नसली तरी उतरंड स्वतःच माणसाला आजारी पाडते.

आपल्या देशातील ही उतरंड किती उंच झाली आहे? ‘वर्ल्ड इनिक्वालिटी लॅब’च्या अभ्यासकांनी २०२४ साली मांडलेल्या अंदाजानुसार १९८२ च्या सुमारास वरच्या १ टक्का लोकांकडे राष्ट्रीय उत्पन्नाचा सुमारे ६ टक्के वाटा होता. २०२२-२३ मध्ये तो २२.६ टक्के झाला आणि त्यांच्या हाती देशातील ४० टक्के संपत्ती एकवटली. या अंदाजांच्या पद्धतीविषयी मतभेद आहेत. परंतु परदेशीपुऱ्यापासून बायपासपर्यंत एकदा डोळे उघडे ठेवून जाणाऱ्या इंदूरकरास दिशा समजण्यासाठी आकड्यांची गरज पडू नये.

आपल्या शहरातील हुकुमचंद मिलचेच उदाहरण घ्या. १९९१-९२ च्या सुमारास ती बंद पडली, तेव्हा सुमारे ६,००० कामगार रस्त्यावर आले. थकीत देण्यांसाठी त्यांनी तीन दशके न्यायालयाची पायरी झिजविली. अखेर २५ डिसेंबर २०२३ रोजी सुमारे २२४ कोटी रुपयांचा धनादेश त्यांच्यासाठी सुपूर्द झाला. तोवर अनेक कामगारांनी जगाचा निरोप घेतला होता आणि त्यांची रक्कम वारसांना घ्यावी लागली. या तीस वर्षांत शहरातील जमिनीचे भाव कुठल्या कुठे गेले. ज्याच्याकडे जमीन होती, त्याची संपत्ती तो झोपला असताना वाढत होती. ज्याच्याकडे केवळ श्रम होते, त्याचे वय मात्र वाढत गेले.

या कामगारांपैकी एक जण नव्वदच्या दशकात माझ्याकडे येत असे. मूळचा खानदेशचा. गिरणी चालू असताना त्याला कर्मचारी विमा योजनेच्या नंदानगरच्या रुग्णालयातून औषधे मिळत. नोकरी गेली आणि तिच्याबरोबर ते कार्डही गेले. त्याचा रक्तदाब आटोक्यात येईना, म्हणून मी औषध वाढविले. तिसऱ्या भेटीत तो संकोचून म्हणाला, “डॉक्टरसाहेब, गोळी एक दिवसाआड घेतो. म्हणजे महिना निघतो.” माझ्या चिठ्ठीत चूक नव्हती. पण ती ज्याच्या हाती दिली, त्याच्या खिशाची मी कधी चौकशीच केली नव्हती. पुढे त्याला पक्षाघात झाला. त्या एका वाक्याने मला जे शिकविले, ते माझ्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात नव्हते.

विषमतेचा सर्वांत मोठा अपाय माझ्या मते असा, की ती सामायिक जागा नष्ट करते. मी विद्यार्थी असताना महाराजा यशवंतराव रुग्णालयाच्या त्या उंच इमारतीत गिरणी कामगार, शाळामास्तर, सराफ्यातला व्यापारी आणि सरकारी अधिकारी एकाच प्राध्यापकांच्या हाताखाली असत. तेथे गैरसोय असे, परंतु ती सर्वांची असे. त्यामुळे तक्रार करणाऱ्यांत वजनदार माणसेही असत. पुढे ऐपतदार मंडळी खासगी रुग्णालयांत, खासगी शाळांत गेली. जाण्यात गैर काही नाही, मीही त्यांच्यातलाच. पण सोबत आपण आपला आवाजही नेला. ज्या शाळेत अधिकाऱ्याचे मूल नाही आणि ज्या वॉर्डात आमदाराचा भाऊ नाही, त्यांच्या गळक्या छपराची दखल कोण घेणार?

राजकारणाची घसरण मला येथूनच सुरू झालेली दिसते. वरच्या टोकाला पक्षांना पैसा पुरविणारे असतात. २०१८ साली सुरू झालेल्या निवडणूक रोख्यांत देणगीदाराचे नाव मतदारापासून गुप्त राहात असे. सर्वोच्च न्यायालयाने १५ फेब्रुवारी २०२४ रोजी ती योजना घटनाबाह्य ठरविली. खालच्या टोकाला मते असतात, त्यांच्यासाठी थेट मदत. २०२३ साली मध्यप्रदेशात ‘लाडली बहना’ आली, २०२४ साली महाराष्ट्रात ‘लाडकी बहीण’. या मदतीची आपल्या दिवाणखान्यांत होणारी टिंगल मला मान्य नाही. गोळी एक दिवसाआड घेणाऱ्या घरात हजार-बाराशे रुपयांचे मोल काय, ते मी पाहिले आहे. परंतु रोख मदत चांगल्या दवाखान्याची जागा घेऊ शकत नाही. दोन टोकांचे समाधान करताना मधली सार्वजनिक व्यवस्था कोणाच्याच जाहीरनाम्यात अग्रक्रमाने उरत नाही.

काही सुधारले आहे, हेही प्रामाणिकपणे नोंदविले पाहिजे. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार एकूण आरोग्यखर्चात रुग्णाच्या खिशातून जाणारा वाटा २०१३-१४ मधील ६४.२ टक्क्यांवरून २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला. २०१८ पासून आयुष्मान योजनेने पात्र कुटुंबास वर्षाला ५ लाखांपर्यंत रुग्णालयीन उपचारांचे कवच दिले. मात्र रोजच्या रक्तदाबाची गोळी या कवचात येत नाही. पक्षाघात झाल्यावर योजना धावून येते. तो टाळण्यासाठी लागणारी गोळी ज्याची त्याने घ्यायची.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत डॉ. आंबेडकरांनी हाच इशारा दिला होता. राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता असा विरोधाभास आपण फार काळ सांभाळला, तर विषमतेने पोळलेले लोक लोकशाहीची इमारतच उद्ध्वस्त करतील, असा त्याचा आशय होता. ती इमारत एका दिवसात कोसळणार नाही. माणसे एकमेकांना दिसेनाशी झाली, की ती आतून पोखरली जाते.

मग आपण काय करावे? करविषयक धोरण आपल्या हाती नाही. आपल्या हाती चिठ्ठी आहे. तीत शक्य तेथे स्वस्त जेनेरिक औषध लिहावे आणि “हे परवडेल ना?” हा प्रश्न इतिहास घेतानाच विचारावा. आपल्यातील निवृत्त तज्ज्ञांनी आठवड्यातील एक सकाळ सरकारी बाह्यरुग्ण विभागाला द्यावी. उपकार म्हणून नव्हे, तर तेथील उणिवा मोठ्या आवाजात सांगणारे कोणी असावे म्हणून. आणि ज्यांची स्वतःची रुग्णालये आहेत, त्यांनी निदान प्रतीक्षागृह एकच ठेवावे.

गिरण्या केव्हाच बंद पडल्या, तरी अनंत चतुर्दशीला त्या कामगारांच्या झांक्या निघतात आणि त्या रात्री सारे इंदूर एकाच रस्त्यावर उभे असते. वर्षातून एक रात्र जे जमते, ते आपल्या प्रतीक्षागृहात रोज जमवायला काय हरकत आहे? मी पुढच्या महिन्यात व्यवस्थापनाकडे तो विषय पुन्हा काढणार आहे.