पोटाचं वेळापत्रक कोण बदलतं?



सातवी-आठवीच्या हजेरीपटात काही मुलींच्या नावापुढे दर महिन्याला एक-दोन गैरहजेऱ्या दिसतात. कारण विचारलं की उत्तर ठरलेलं, ‘पोट दुखत होतं.’ ताप नाही, खोकला नाही, मग हे नाटक असेल का? मुळीच नाही, बरं का!

१९०२ मध्ये लंडनला बेलिस आणि स्टार्लिंग या शास्त्रज्ञांनी एक गंमत शोधली. आतडं रक्तात एक रस सोडतं आणि तो रस स्वादुपिंडाला ‘कामाला लाग’ असा निरोप देतो. अशा निरोप्यांना स्टार्लिंगने १९०५ मध्ये ‘हार्मोन’ हा शब्द वापरला. आपण म्हणतो संप्रेरक. म्हणजे संप्रेरकांची गोष्ट सुरू झाली तीच पोटातून!

तुम्ही वयात येता तेव्हा नवे निरोपे जोरात कामाला लागतात. मुलींमध्ये इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन जास्त, मुलांमध्ये टेस्टोस्टेरॉन जास्त. त्यांचे निरोप आतड्यालाही कळतात. पाळीच्या आधीच्या दिवसांत प्रोजेस्टेरॉन वाढतं, तेव्हा काहींचं आतडं मंदावतं. पोट फुगतं, साफ होत नाही. पाळी आली की हे दोन्ही निरोपे ओसरतात. मग गर्भाशयाच्या अस्तरात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं तयार होतात, ती गर्भाशयाला आकुंचन पावायला लावतात. आमच्या तीर्थपुरीकडे मोसंबीला पाणी देताना एका वाफ्यातलं पाणी शेजारच्या वाफ्यात पाझरतं ना, तसंच इथं होतं. शेजारचं आतडंही आवळतं. कळा येतात, कुणाला पातळ शौचाला होते.

काहींचं आतडं मुळातच हळवं असतं. तपासणीत जखम नाही, सूज नाही. तरी महिनोन् महिने पोट दुखतं, कधी जुलाब तर कधी बद्धकोष्ठ. याला इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, म्हणजे आयबीएस म्हणतात. अशा मुलींना पाळीत त्रास वाढतो. पण सगळा दोष संप्रेरकांचा नाही. काळजी, अपुरी झोप, पूर्वी झालेली हगवण यांचाही वाटा असतो. म्हणून हा त्रास मुलांनाही होतो.

पाश्चात्त्य देशांत आयबीएसच्या रुग्णांत बायका जास्त. आपल्याकडे २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत मात्र दवाखान्यात आलेल्या दर तिघांत जवळपास दोन पुरुष होते. बायका दवाखान्यापर्यंत कमी पोचतात, हे त्याचं एक कारण मानलं जातं. दुखणं सोसायचं, बोलायचं नाही! ही सवय तुम्ही मोडायची.

मग करायचं काय? एक वही घ्या. दोन-तीन महिने रोज लिहा : पोट कधी दुखलं, शौचाला कशी झाली, काय खाल्लं, झोप किती झाली. मुलींनी पाळीची तारीखही लिहावी. ही वही डॉक्टरांना फार उपयोगी पडते. कळ आली तर गरम पाण्याच्या पिशवीने शेका. शौचाला लागली की दाबून धरू नका.

आईबाबांना दोन शब्द : ‘सगळ्यांनाच होतं’ म्हणून विषय संपवू नका. शौचातून रक्त, घटणारं वजन, ताप, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं किंवा दर महिन्याला बुडणारी शाळा, यातलं काहीही दिसलं तर डॉक्टरांकडे न्या. मनाने गोळ्या देऊ नका. प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारायला लाज कसली? आणि शाळेच्या सभेत एक प्रश्न जरूर विचारा : मुलींच्या स्वच्छतागृहाला कडी आणि पाणी आहे ना?

चला तर, वहीचं पहिलं पान आजच आखा!