अडतिसांतल्या तीन

घरांतील कोणत्याहि वस्तूच्या आयुष्याच्या तीन अवस्था असतात. पहिलींत ती उपयोगाची असते, म्हणून तिची निगा राखली जाते. तिसरींत ती पुरातन ठरते, म्हणून तिला मान मिळतो. मधली अवस्था मात्र घातक. त्या काळांत वस्तु जुनाट असते पण पुरातन नसते, आणि बहुतेक वस्तू मोडींत जातात त्या याच काळांत. या खेपेस आम्ही वाचकांपुढें ठेवीत असलेली हकीकत इंग्लंडमधील ग्रेट वेस्टर्न रेल्वेच्या डिझेल रेलकारची आहे. परंतु तिचा बोध आपल्या माळ्यापर्यंत येऊन पोंचतो, असें आम्हांस वाटतें.

रेलकार म्हणजे स्वतःच्याच इंजिनावर चालणारा आगगाडीचा डबा. लहान फांट्यांवर मोजक्या उतारूंसाठीं वाफेचें इंजिन तापवून ठेवणें, त्यावर चालक आणि कोळसा टाकणारा असे दोन इसम नेमणें, हें रेल्वेला परवडेना. तेव्हां मोटारबसला लावतात तसलें डिझेल इंजिन रुळांवर आणावें, अशी कल्पना निघाली. लंडनजवळ साउथॉल येथें ए. ई. सी. या कंपनीचा बसगाड्यांबद्दल प्रसिद्ध असलेला कारखाना होता. तिनें तयार केलेली पहिली रेलकार १९३३ च्या डिसेंबरांत धांवली. सहा नळकांड्यांचें, १३० अश्वशक्तीचें एकच इंजिन तिला होतें. वाऱ्याचा विरोध कमी व्हावा म्हणून तिचीं टोंकें गोलसर, निमुळतीं केलेलीं होतीं. लोकांनीं या घाटाच्या गाड्यांना ‘उडतें केळें’ असें नांव ठेविलें! पुढें १९३४ च्या जुलैंत बर्मिंगहॅम ते कार्डिफ या मार्गावर दोन इंजिनांच्या जलद गाड्या सुरू झाल्या. त्यांत ४४ आसनें आणि फराळाची सोय असे, व वाटेंत ग्लॉस्टर आणि न्यूपोर्ट हीं दोनच ठिकाणें घेतलीं जात. १९४२ पर्यंत अशा एकंदर ३८ गाड्या झाल्या. त्यांतील शेवटच्या २० रेल्वेच्या स्विंडन येथील कारखान्यांत बांधल्या गेल्या. त्यांचीं टोंकें साधीं व कोनदार होतीं.

१९४८ सालीं इंग्लंडांतील रेल्वे सरकारच्या मालकीच्या झाल्या, आणि १९५४ पासून नव्या बनावटीच्या डिझेल गाड्या येऊं लागल्या. ज्यांनीं वाट दाखविली, त्याच गाड्या आतां मागासलेल्या ठरल्या. कांहीं आगींत जळून गेल्या होत्या. उरलेल्या १९६२ पर्यंत सेवेंतून काढण्यांत आल्या. जुनीं इंजिनें वांचविण्याची चळवळ त्या वेळीं इंग्लंडांत जोर धरीत होती; पण लोकांचें प्रेम वाफेच्या इंजिनावर. डिझेल म्हणजे वाफेचा वैरी. त्याच्यासाठीं कोण पदर पसरणार? साउथॉलच्याच चार शाळकरी मुलांनीं १९६१ सालीं ग्रेट वेस्टर्न सोसायटीचा पाया घातला, तोहि एक लहान वाफेचें इंजिन व त्यास जोडावयाचा डबा वांचविण्याच्या हेतूनें. आपल्या गांवच्या कारखान्यानें घडविलेली रेलकार त्यांच्या मनांत प्रथम आली नाहीं, यांत नवल तें काय? जें रोज डोळ्यांपुढें असतें, तें कधीं नाहींसें होईल असें वाटतच नाहीं.

अडतिसांतून तीनच उरल्या. १९५८ सालीं निवृत्त झालेली ४ क्रमांकाची गाडी राष्ट्रीय संग्रहांत घेतली गेली. २० क्रमांकाची गाडी, स्वयंसेवकांनीं १९७४ सालीं पुन्हां सुरू केलेल्या केंट आणि ईस्ट ससेक्स रेल्वेकडे आली. कांहीं काळ चालली, मग मोठ्या दुरुस्तीसाठीं उघडली गेली, आणि ती दुरुस्ती कित्येक दशकें चालली. २२ क्रमांकाची गाडी प्रथम सेव्हर्न व्हॅली रेल्वेवर राहिली व १९७८ सालीं डिडकॉट येथें, त्याच मुलांनीं स्थापिलेल्या सोसायटीच्या आवारांत, दाखल झाली. तेथें ती उतारूंना घेऊन धांवलेली आहे.

या तिघींपैकीं खरी जतन कोणती झाली? जी उभी राहते, तिचे मूळचे भाग झिजत नाहींत. पण तिचा आवाज कोणास ऐकूं येत नाहीं. जी धांवते, तिचे भाग झिजतात, बदलावे लागतात. पण ती चालविण्याची विद्या माणसांच्या हातांत जिवंत राहते. जी सुटी करून ठेविली, तिनें दुरुस्ती करणाऱ्यांचा धीर पाहिला. आमच्या मतें तिन्ही मार्ग हवेत. एकाच जातीच्या तीन वस्तू उरल्या, म्हणूनच हें साधलें. एकच उरती, तर तिला धांवविण्याचें धाडस कोणी करावें?

आपल्या माळ्यावर मराठी टंकलेखनयंत्र असेल, आजीच्या आवाजांतील ओव्यांची ध्वनिफीत असेल. त्या वस्तू आज त्याच मधल्या अवस्थेंत आहेत. सर्वच जपून ठेवणें घराला झेपणार नाहीं, हें आम्हीहि जाणतों. परंतु येत्या दिवाळीच्या साफसफाईंत भंगारवाल्यास हांक मारण्यापूर्वीं घरांतील वडीलधाऱ्यांकडून एकेक वस्तु एकदां चालवून घ्यावी, ती कशी चालते हें मुलांनीं वहींत उतरून घ्यावें, आणि मगच काय ठेवावयाचें तें ठरवावें.