स्क्रीन हाती दिली, वाचन कोण शिकवणार?

शाळेने प्रकल्प दिला की मूल विषय मोबाइलवर टाकते, सर्वांत वर दिसेल तो मजकूर उतरवून घेते किंवा सायबर कॅफेतून प्रिंट काढून प्रकल्पवहीत चिकटवते. तो कोणी लिहिला, कधी लिहिला, आधार काय, हे कोणी विचारत नाही. वही सुबक असली की गुण मिळतात. हल्ली तर तो वरचा मजकूर अनेकदा कृत्रिम बुद्धिमत्तेने जुळवलेला असतो. न वाचता उतरवण्याची ही सवय शाळेच्याच संमतीने लागते आहे.

‘असर’ या शैक्षणिक सर्वेक्षणाच्या २०२४च्या अहवालानुसार ग्रामीण भारतातील १४ ते १६ वयोगटातल्या ८२ टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येतो. त्याआधीच्या वर्षीच्या अहवालात १४ ते १८ वयाच्या सुमारे चौथ्या हिश्शाला दुसरीच्या पातळीचा उतारा आपल्या भाषेत सलग वाचता येत नव्हता. या दोन आकड्यांमधली दरी भयावह आहे.

तिची किंमत महाराष्ट्राने मोजली आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाड्यात जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना मुले पळवणारे समजून ठार मारले. अफवा व्हॉट्सअॅपवरून पसरली होती. त्या काळात देशभर फिरलेली एक चित्रफीत कराचीतील बालसुरक्षेच्या जाहिरातीची होती. मुळात मोटारसायकलवरचे दोघे उचललेले मूल परत आणून सोडतात आणि सावधगिरीचा फलक धरतात. तेवढाच शेवट कापून उरलेली फीत पुढे ढकलली गेली.

फोन सराईतपणे चालवणाऱ्या मुलाला त्यावरचे खरेखोटे आपोआप कळते, हा भ्रम आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या २०१९च्या अभ्यासात ३,४४६ अमेरिकी विद्यार्थ्यांना निवडणुकीतील गैरप्रकारांची म्हणून एक फीत दाखवली. निम्म्याहून अधिक जणांनी ती अमेरिकेतल्या गैरप्रकारांचा सबळ पुरावा मानली. फीत रशियातली होती. तिचा उगम शोधणारे निघाले अवघे तीन! इंटरनेट त्यांच्या हाताशीच होते. तथ्य तपासणारे व्यावसायिक अनोळखी पानावर रेंगाळत नाहीत. दुसरी खिडकी उघडून त्या पानाबद्दल इतर काय सांगतात ते आधी पाहतात. ही रीत शिकवता येते. केरळातील कन्नूर जिल्ह्याने २०१८ मध्ये ‘सत्यमेव जयते’ उपक्रमातून सरकारी शाळांत खोट्या बातम्या ओळखण्याचे वर्ग घेतले होते.

आपल्याकडे पाठ्यपुस्तकांवर क्यूआर कोड आले, ‘दीक्षा’ हे शैक्षणिक अॅप आले, डिजिटल वर्ग आले. यंत्रे मोजली गेली. वाचन कोणी तपासले? यासाठी नवा विषय नको, मुलांची दप्तरे आधीच जड आहेत. पाचवीपासून मराठीच्या तासालाच हे बसते. एखाद्या किल्ल्यावरची मराठी विश्वकोशातली नोंद आणि त्याच किल्ल्यावरचा व्हायरल संदेश शेजारी ठेवावेत. लेखकाचे नाव कुठे आहे, तारीख कुठे आहे, कोणते वाक्य माहितीचे आणि कोणते भडकवण्याचे, हे मुलांकडून शोधून घ्यावे. एका मोबाइलवर अख्खा वर्ग हे करू शकतो. दीर्घ मजकूर मात्र कागदावरच वाचू द्यावा. त्यावर आकलन अधिक चांगले होते, असे अनेक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणातून दिसले आहे.

राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने येत्या शैक्षणिक वर्षाआधी शिक्षकांना याचे प्रशिक्षण द्यावे. तोवर शिक्षकांनी एवढे तरी करावे: ज्या प्रकल्पवहीत माहितीचा स्रोत लिहिलेला नाही, तिला गुण देऊ नयेत.