दुखणं मोजलं, गोळी कुठे आहे?

जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीचं नाव सार्वजनिक आरोग्यात काम करणाऱ्यांना नव्याने सांगावं लागत नाही. १९९२ साली, सुधाकरराव नाईक मुख्यमंत्री असताना, तिथे शंभरावर बालकं दगावली आणि जव्हार-मोखाडा ही जोडी कुपोषणाच्या बातमीला कायमची चिकटली. त्यातून वाचलेली मुलं आज पस्तिशीच्या आसपास आहेत. त्यांच्या घरात आता म्हातारी माणसं आहेत, आणि त्यांतल्या काहींना नातवंडांची नावं आठवत नाहीत. तीस वर्षं या डोंगरातली आरोग्ययंत्रणा बाळ आणि बाळंतीण यांच्याभोवती फिरली. तिने फिरायलाच हवं होतं. पण म्हातारं माणूस त्या फेऱ्यात कुठे बसलंच नाही.

स्मृतिभ्रंश हा शहरी, सुखवस्तू घरातला आजार, असं आपल्यापैकी अनेकजण अजूनही मनात धरून चालतात. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लासी-डॅड अभ्यासाने देशातल्या साठीपुढच्यांत त्याचं प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं, असं मांडलं. पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शहरांपेक्षा खेड्यांत ते जास्त निघालं. जव्हारच्या पाड्यावर ही निदानं होत नाहीत, एवढाच काय तो फरक. तिथे ‘म्हातारी चळली’ म्हणतात, ‘बाहेरचं लागलं’ म्हणतात, आणि आधी भगताकडे जातात. भगताला नावं ठेवण्यात अर्थ नाही. तो निदान घरी येऊन, जवळ बसून माणूस बघतो.

या अंकाचा विषय त्या आजारातल्या वेदनेचा आहे. समजा, एक सून सासूला अंघोळीसाठी उठवते आहे. सासू हात झटकते, थुंकते, चावायला धावते. घरातले म्हणतात, आजीचा स्वभाव बिघडला. खाटेवरून उठवताना कोणता गुडघा ताठ राहिला, पाय जमिनीला टेकताच तोंड कसं वाकडं झालं, टाचेच्या भेगेत किती खोल पू आहे, पोट किती दिवस साफ नाही, हे कुणी पाहिलेलं नसतं. सासूला ‘दुखतंय’ म्हणता येत नाही, किंवा म्हणता येतं पण कुठे ते सांगता येत नाही. मग पेशंट आपल्यासमोर येतो तो ‘रात्री झोपू देत नाही’ या तक्रारीने, आणि चिठ्ठीवर झोपेची गोळी किंवा हॅलोपेरिडॉल लिहिलं जातं. स्मृतिभ्रंशातल्या वृद्धांना मनोविकारांवरची (अँटिसायकोटिक) औषधं दिली तर मृत्यूचा धोका वाढतो, असा ठळक इशारा अमेरिकी औषध प्रशासनाने २००५ मध्ये नव्या औषधांबाबत दिला आणि २००८ मध्ये हॅलोपेरिडॉलसारख्या जुन्या औषधांनाही लागू केला. आपल्याकडे तो चिठ्ठीपर्यंत फारसा पोचलेला दिसत नाही.

उलट बाजूचा पुरावा चांगला भक्कम आहे. नॉर्वेत हुसेबो आणि सहकाऱ्यांनी १८ शुश्रूषागृहांतल्या ३५२ स्मृतिभ्रंशग्रस्तांवर केलेला प्रयोग २०११ मध्ये बीएमजेत आला. चिडचिड, आरडाओरड, मारहाण करणाऱ्या या माणसांपैकी निम्म्यांना आठ आठवडे पायरीपायरीने वेदनाशामक दिलं. बहुतेकांची गाडी पहिल्याच पायरीवर, साध्या पॅरासिटामॉलवर थांबली. त्या गटातली चिडचिड १७ टक्क्यांनी कमी झाली. औषध थांबवल्यावर ती पुन्हा वर गेली. अशा चिडचिडीला ‘वर्तनविकार’ ठरवून आपण किती वेळा पेशंटला झोपवून टाकलं असेल, याचा हिशेब ज्याने त्याने करावा.

वेदना सांगता येत नसेल तर ती बघायची, आणि बघायची साधनं आहेत. वॉर्डन, हर्ली आणि व्होलिसर यांनी २००३ मध्ये मांडलेली पेनॅड पट्टी पाचच गोष्टी विचारते: श्वास, आवाज, चेहरा, अंगाची ठेवण, आणि समजूत घातल्यावर माणूस शांत होतो का. प्रत्येकीला शून्य ते दोन, एकूण दहा. ऑस्ट्रेलियात कर्टिन विद्यापीठातून निघालेलं पेनचेक हे अ‍ॅप त्याच्या पुढचं. फोनचा कॅमेरा चेहऱ्यावरच्या बारीक हालचाली स्वतः टिपतो, बाकीचे आवाज, हालचाल, वागणूक असे प्रश्न माणूस भरतो, आणि ४२ मुद्द्यांवरून आकडा निघतो. २०१७ पासून तिथे ते मान्यताप्राप्त वैद्यकीय उपकरण आहे. कल्पना उत्तम आहे. पण असली चेहरावाचनाची तंत्रं बहुतांशी परदेशातल्या वृद्धाश्रमांत, उजेडाच्या खोल्यांत, प्रशिक्षित परिचारिकांच्या हातात तपासली गेली. कारवीच्या कुडाच्या घरात भरदुपारी दिवा लावावा लागतो. चूल पेटली की धूर. आजीला ओट्यावर आणून बसवायचं म्हटलं तर त्या हलवण्यानेच दुखणार. (तेही एका अर्थी बरंच. वेदना हलवतानाच दिसते. पडून असताना घेतलेला आकडा खोटं समाधान देतो.)

नुसतं अ‍ॅप हातात दिलं की काम झालं, या समजाला आपल्याच राज्यात तडा गेलेला आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल परत केले. फोन अडकत होते, आणि पोषण ट्रॅकर मराठीत नव्हता. मुलाचं वजन वर्षानुवर्षं बिनचूक घेणाऱ्या बायका होत्या त्या. अडचण त्यांच्या कौशल्याची नव्हती. स्मृतिभ्रंशाच्या काळजीवाहकांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने काढलेल्या आयसपोर्ट या ऑनलाइन कार्यक्रमाची भारतीय चाचणीही नीट वाचावी. १५१ काळजीवाहकांपैकी बहुसंख्य मध्येच गळाले, आणि ताण व नैराश्य यांत लक्षणीय फरक दिसला नाही. हे लोक इंटरनेट वापरणारे, शिकलेले होते. मोखाड्यात तर रेंज मिळवायला टेकाडावर चढावं लागतं, आणि घरातला एकुलता स्मार्टफोन नातवाच्या खिशात असतो.

म्हणून आमचं म्हणणं असं: या भागासाठी नवं अ‍ॅप मागू नका. फोनमध्ये जे आधीच आहे तेवढ्यावर काम होतं. व्हिडिओ घेता येतो आणि आवाज साठवता येतो, बस. काळजीवाहकाला एकच गोष्ट शिकवायची: रोज जे काम करताना माणूस सर्वांत जास्त त्रागा करतं, त्या कामाचा एक मिनिटाचा व्हिडिओ. कूस बदलणं असेल, लुगडं नेसवणं असेल, नागलीचा घास भरवणं असेल. पहिला व्हिडिओ औषधाआधीचा, दुसरा आठवड्यानंतर, त्याच कामाचा, साधारण त्याच वेळी. पेनॅडचे गुण काळजीवाहकाने द्यायला हवेत असं नाही. ते उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्याने व्हिडिओ बघून द्यावेत. रेंज लागेल तेव्हा व्हिडिओ जाईल, नाही लागली तर आशा पुढच्या फेरीत फोनवरच बघेल. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी सूचना घरातल्या बोलीत, गावातल्याच कुणाच्या आवाजात भरून द्याव्यात. गरोदर बायकांना फोनवरून आवाजी संदेश देणारी किलकारी सेवा देशात २०१६ पासून आहेच. कानाने शिकवण्याची वाट नवी नाही.

शोधायची सोयही आहे. आशा तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचा जो सीबॅक फॉर्म भरते, त्यात साठीपुढच्यांसाठी प्रश्न आहे: जवळच्यांची नावं किंवा स्वतःच्या घराचा पत्ता विसरता का? अंघोळ, जेवण, उठणं-बसणं यांत मदत लागते का, हाही आहे. ही दोन उत्तरं ‘होय’ आली की तिथेच वेदना बघायची, असा नियम प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्याने आपल्या पातळीवर घालून द्यायला कुणाच्या परिपत्रकाची वाट बघावी लागत नाही. उपकेंद्रातून ई-संजीवनीवर सल्ला घेता येतो. त्या वेळी पेशंट समोर हवाच असा हट्ट धरला तर म्हातारं माणूस पुन्हा झोळीतून उतरवावं लागेल. व्हिडिओ त्यासाठीच.

आता गोळीचं. आकडा काढला आणि हाती काहीच नसलं तर ते मोजणं काळजीवाहकाच्या डोक्यावर नवं ओझं आहे. पॅरासिटामॉल उपकेंद्रात असतं, पण ते ‘ताप आला तर’ म्हणून दिलं जातं. इथे ते नेमाने, वेळेवर द्यायचं आहे. मात्र नॉर्वेचा ३ ग्रॅमचा डोस जसाच्या तसा उचलू नये. जव्हार-मोखाड्यातली ३५-४० किलोंची, अर्धपोटी राहिलेली, कधी मोहाची घेणारी म्हातारी माणसं यकृताच्या दृष्टीने नाजूक असतात. ५०० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून तीनदा, एकूण २ ग्रॅमच्या आत, हे बहुतेकांना पुरेसं आणि सुरक्षित आहे. डायक्लोफिनॅकचं इंजेक्शन मागून घेण्याची सवय मोडायला हवी; मूत्रपिंड आणि जठर दोन्ही त्यात जातात. ट्रामाडॉलने संभ्रम वाढतो. गोळीसोबत पोट साफ आहे ना, लघवी तुंबली नाही ना, दात, टाच, पाठीचा खालचा भाग बघितला का, एवढं विचारलं तर अनेकदा गोळीची गरजच उरत नाही.

आठवड्यानंतरच्या व्हिडिओत फरक दिसला नाही तर पॅरासिटामॉल थांबवा आणि कारण दुसरं शोधा. दिसला, पण पुरेसा नाही, तर पेशंट पुढे पाठवा. खुब्याचं हाड मोडलेलं असण्याची शक्यता तर नेहमीच धरावी. मॉरिसन आणि सिऊ यांनी २००० मध्ये दाखवलं होतं की खुबा मोडलेल्या, स्मृतिभ्रंश पुढे गेलेल्या पेशंटना मॉर्फिनच्या हिशेबात स्मृती शाबूत असलेल्या पेशंटच्या एक तृतीयांशच औषध मिळालं. ते न्यूयॉर्कचं रुग्णालय होतं. अमली पदार्थ कायद्यात २०१४ मध्ये दुरुस्ती होऊन मॉर्फिन मिळवणं सोपं झालं, तरी जव्हारच्या पतंगशहा कुटीर रुग्णालयासारख्या ठिकाणी ते कायम शिल्लक ठेवणं हे मनावर घेण्याचं काम आहे.

व्हिडिओबद्दल एक सावधगिरी. अंघोळीच्या वेळचं, अर्धवट कपड्यांतलं म्हातारं माणूस गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरायला वेळ लागत नाही. वैयक्तिक डेटा संरक्षणाचा २०२३ चा कायदा आहे. पण त्याच्या आधी घरातल्यांना विचारणं, आणि बघून झाल्यावर व्हिडिओ त्यांच्यासमोर पुसणं. ज्याला स्वतः संमती देता येत नाही त्याच्या वतीने घेतलेली संमती जास्त जपून वापरायची असते.

या भागाचं आणखी एक वैशिष्ट्य कुठल्याही परदेशी अभ्यासात सापडणार नाही. दिवाळीनंतर वांगणीसारख्या गावांतली कर्ती माणसं भिवंडी-वसईच्या वीटभट्ट्यांवर, नाशिकच्या द्राक्षबागांत जातात. म्हातारं माणूस कधी मागे दुसऱ्या सुनेकडे, शेजारणीकडे राहतं, कधी भट्टीवरच्या झोपड्यात सोबत जातं. काळजीवाहक बदलला की आजी कशी कण्हते, कोणत्या कुशीवर निजवायचं, गोळी कोणत्या वेळी, हे सगळं शून्यापासून सुरू होतं. आवाजात भरलेली दोन मिनिटांची माहिती आणि व्हिडिओची जोडी या हस्तांतरणात जितकी उपयोगी पडेल तितकी कदाचित निदानातही पडणार नाही. जव्हार आणि मोखाड्यातल्या आमच्या वाचकांनी ऑक्टोबरच्या आशा बैठकीतच हा विषय घ्यावा. आपल्या भागातली कोणती म्हातारी माणसं यंदा कुणाच्या हवाली होणार आहेत, हे आशांना तेव्हा ठाऊक झालेलं असतं.