समजून घ्या : कुष्ठरोगाचा जंतू एकच, मग चट्टे कुणाला दोन आणि कुणाला वीस का?

कुष्ठरोग शोध मोहीम आली की गोंदिया, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली ही नावे हमखास चर्चेत येतात. देशाने डिसेंबर २००५ मध्ये दहा हजारांमागे एकापेक्षा कमी रुग्ण ही पातळी गाठली. पूर्व विदर्भात मात्र आशा सेविकांचे घरोघरी चट्टे तपासणे संपलेले नाही.

जंतू सगळ्यांच्या अंगात तोच, मायकोबॅक्टेरियम लेप्री. तरी एकाला दोन बधिर चट्टे येतात, दुसऱ्याच्या अंगभर गाठी. हा फरक मुख्यतः शरीराच्या प्रतिसादाचा आहे आणि त्याची सूत्रे ‘हेल्पर टी’ या पांढऱ्या पेशींच्या हाती असतात.

बँकेचा लॉकर आठवा. एक किल्ली तुमची, दुसरी बँकेची. एकीने तो उघडत नाही. टी पेशीचेही तसेच. दुसऱ्या एखाद्या पेशीने जंतूचा तुकडा तिच्यासमोर धरला, ही पहिली किल्ली. त्याच पेशीवरचे ‘बी७’ प्रथिन टी पेशीवरच्या ‘सीडी२८’ला जुळले, ही दुसरी. हाच सहउद्दीपक संकेत. धोका जाणवला की बी७ वाढते. ते नसेल तर टी पेशी लढत नाही, उलट सुस्त पडते. एरवी ही सोय आपल्या भल्याचीच, कारण पेशी आपल्या शरीराचेही तुकडे दाखवत असतात आणि त्यांच्यावर हल्ला व्हायला नको. पण मोजके चट्टे असलेल्यांच्या त्वचेत बी७ जास्त आणि अंगभर पसरलेल्या प्रकारात कमी आढळले आहे. कारण हे एकच नाही, पण महत्त्वाचे आहे.

मग प्रतिकारशक्ती वाढवली की झाले? जाहिरातवाले तसे म्हणतील. कुष्ठरोगात मात्र नसांचे बरेच नुकसान जोरदार प्रतिसादच करतो. गोळ्यांनी जंतू मेले तरी त्यांचे अवशेष राहतात. त्यांच्यावर टी पेशी अचानक उसळल्या की चट्टे लाल होऊन सुजतात, नस दुखते, हातापायातली ताकद जाते. यालाच ‘रिअ‍ॅक्शन’ म्हणतात. गोळ्या बाधल्या असे समजून रुग्ण नेमका इथेच उपचार सोडतो, आणि हे त्याला आधी कुणी सांगितलेले नसते, ही आपल्या जनजागृतीतली मोठी उणीव आहे.

अशा वेळी सहा किंवा बारा महिन्यांच्या गोळ्या चालूच ठेवायच्या आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र गाठायचे. सूज उतरवायला डॉक्टर वेगळे स्टेरॉइड देतात. ताकद गेल्यापासून सहा महिन्यांच्या आत ते सुरू झाले तर हात पूर्ववत होण्याची शक्यता चांगली असते.