टाळ्या कुणाच्या खात्यावर?

मंडळी, आज जरा भांडायचं आहे. ज्यांना 'आजी, छान लिहिता हो' एवढंच म्हणायचं असेल त्यांनी आजचा दिवस सोडून द्यावा. नातेवाईकांनी मात्र शेवटपर्यंत वाचावं, कारण भांडण मुख्यतः त्यांच्याशीच आहे.

'अ स्ट्रेंज लूप' या अमेरिकन संगीत नाटकाबद्दल ज्यांनी ज्यांनी ते पाहिलं त्यांच्याकडून मी तेच तेच शब्द ऐकत आले आहे. 'युनिव्हर्सल' आहे, 'ब्रेव्ह' आहे, 'मस्ट वॉच' आहे. आपल्या न्यू जर्सीच्या मंडळींनी कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर नाटकगृहाबाहेरचे फोटो टाकले, खाली हेच शब्द, आणि त्याखाली आपण सगळ्यांनी हात जोडल्याची आणि हृदयाची चित्रं. मी ते नाटक २०२२ च्या ऑक्टोबरात लेकीकडे गेले असताना पाहिलं. इंग्रजी गाणी एकदा ऐकून सगळी कळतील एवढं माझं इंग्रजी नाही (आमचं बी.ए. मराठी माध्यमाचं), म्हणून नंतर छापील संहिता आणवली आणि शब्दकोश शेजारी ठेवून तीनदा वाचली. काही शब्द कोशात नव्हते, ते नातीला विचारले. ती लाजली, मी नाही लाजले.

ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. लेखक मायकल आर. जॅक्सन. तो गायक नव्हे, नुसता नावबंधू. डेट्रॉइटचा कृष्णवर्णीय, समलिंगी माणूस. यातली मूळ कल्पना त्याने तरुणपणी एका स्वगतात लिहिली आणि पुढे पंधराएक वर्षं घासत बसला. २०१९ साली न्यूयॉर्कमध्ये एका लहान थिएटरात प्रयोग झाले, २०२० साली पुलित्झर पारितोषिक मिळालं, २०२२ च्या एप्रिलमध्ये ते ब्रॉडवेवरच्या लायसियम थिएटरात आलं आणि जूनमध्ये सर्वोत्तम संगीत नाटकाचं टोनी पारितोषिक घेऊन गेलं. १५ जानेवारी २०२३ ला ब्रॉडवेचे प्रयोग थांबले. त्याच वर्षी लंडनला बार्बिकनमध्ये झालं.

नायकाचं नाव अशर, आणि धंदाही तोच, म्हणजे आपल्याकडे नाट्यगृहात असतो तो डोअरकीपर. 'लायन किंग' या प्रचंड चालणाऱ्या नाटकाच्या दारावर लाल गणवेशात उभा राहून तो लोकांना खुर्च्या दाखवतो. वय पंचविशीचं, काळा, जाडा, समलिंगी, आणि एक संगीत नाटक लिहू पाहतोय. कशावर? एका काळ्या, जाड्या, समलिंगी डोअरकीपरवर, जो एक संगीत नाटक लिहू पाहतोय. रंगमंचावर बाकी सहा नट आहेत ते त्याच्या डोक्यातले विचार. त्यातला एक विचार म्हणजे रोज नेमाने भेटायला येणारी स्वतःबद्दलची घृणा. हेच सहा जण त्याची आई होतात, बाप होतात, एजंट होतात, त्याला नाकारणारे पुरुष होतात. मध्यंतर नाही, तास-पावणेदोन तास सलग.

आणि हे सगळं अतिशय गंमतीदार आहे, हे सांगायला हवं. चाली अशा की पाय हलतातच. एके ठिकाणी हॅरिएट टबमन, जेम्स बाल्डविन यांच्यापासून व्हिटनी ह्यूस्टनपर्यंतचे पूर्वज प्रकट होऊन या पोराला झापतात की तू टायलर पेरीला नावं ठेवतोस, स्वतःला समजतोस कोण? (टायलर पेरी म्हणजे कृष्णवर्णीय घरांमध्ये घराघरात पाहिला जाणारा, देवाधर्माची कौटुंबिक नाटकं-सिनेमे काढणारा लेखक. अशरच्या आईची इच्छा एवढीच की आपल्या मुलाने तसं काहीतरी चांगलं, देवाचं लिहावं.) अशरची आई मला परकी वाटली नाही. तिचं मुलावर प्रेम आहे, आणि ते प्रेमच त्याचा गळा आवळतंय.

आता टाळ्यांकडे येते.

नाटकाच्या शेवटाकडे अशर आईचं ऐकतो. देवाचं नाटक लिहितो. चर्चमधला समूह, शवपेटी, झगे घातलेले गायक, आणि तो स्वतः उपदेशकाच्या भूमिकेत. नात्यातला एक मुलगा एड्सने गेलाय, आणि तो सगळा समूह गातोय की हा रोग म्हणजे देवाने दिलेली शिक्षा आहे. घरी जे मुलाला ऐकवलं गेलं तेच त्याने चाल लावून परत केलंय. चाल अशी जबरदस्त की काय सांगू. आपल्याकडे भजनात टाळ-मृदंग चढत गेला की जसे बसल्या जागी हात वाजायला लागतात तसे माझ्याभोवती हात वाजायला लागले. आणि मग शब्द पोचले. माझ्यापुढच्या रांगेतल्या एका गृहस्थांचे हात हवेतच थांबले. काहींचे थांबलेच नाहीत. एक बाई आजूबाजूला पाहून, बाकीचे वाजवतायत ना याची खात्री करून, पुन्हा वाजवायला लागल्या.

मला विचाराल तर सगळं नाटक त्या क्षणासाठी आहे. लेखकाने सापळा लावलाय. तो म्हणतोय, बघा, ठेका चांगला असला की तुम्ही कशालाही टाळी देता. माझ्या मरणालासुद्धा. आणि यावर प्रेक्षकांनी काय केलं? पाच-दहा मिनिटांनी नाटक संपलं तशी सगळी माणसं ताडकन उभी राहिली आणि पुन्हा टाळ्या! डोळे पुसत. जणू आपण नापास झालो हे कळण्याआधीच आपला निकाल आपणच लावून मोकळे.

न्यूयॉर्कमध्ये हल्ली प्रत्येक नाटकाला उभं राहतात असं लेक म्हणाली. असेल. आपल्याकडे संगीत नाटकात 'वन्स मोअर' मिळायचा तो एखाद्या पदाला, एखाद्या तानेला, आणि नाही जमलं तर लोक खोकायचे. ते बरं होतं. इथे तिकिटाला शंभराहून जास्त डॉलर मोजलेत म्हणून आपण पाहिलं ते थोरच असलं पाहिजे, आणि ते थोर असलं तर ते पाहणारे आपणही थोडे थोर. नट पावणेदोन तास घाम गाळून गातात, त्यांना टाळ्या द्याव्यातच. नातीने मला विचारलं, मग काय हात बांधून बसायचं का आजी? नाही ग. टाळ्या नटांना दे. त्या स्वतःच्या खात्यावर जमा करू नकोस, एवढंच.

प्रयोग चालू असताना एक जोडपं उठून गेलं. इनवुड या भागात राहणारा एक गोरा पुरुष अशरला घरी बोलावतो आणि त्याच्या कातडीवरून, वंशावरून नको नको ते बोलत त्याचा उपभोग घेतो, तो प्रवेश चालू होता. मलाही पाहवेना. ते जोडपं गेलं त्यांच्याबद्दल बाहेर आल्यावर आपल्या मंडळींनी फार नाकं मुरडली, 'संकुचित' वगैरे. मला ती दोघं प्रामाणिक वाटली. त्यांना जे दिसलं ते त्यांना सहन झालं नाही आणि ते त्यांनी लपवलं नाही. ज्यांना हे नाटक 'घाण' वाटतं त्यांच्याशी मी वाद घालू शकते. 'युनिव्हर्सल' वाल्यांशी वाद घालायला जागाच नाही, ते आधीच सहमत आहेत.

हा 'युनिव्हर्सल' शब्द माझ्या चांगला ओळखीचा आहे. पस्तीस वर्षं मराठी शिकवलं मी. कुठल्याही कवितेच्या रसग्रहणात मुलं शेवटी एक वाक्य ठेवून द्यायची, 'ही कविता सर्वांच्याच मनाला भिडते.' ज्याने कविता वाचलेली नाही तोही हे वाक्य लिहू शकतो, म्हणून मी त्याला गुण देत नसे. 'आपल्या सगळ्यांच्याच मनात असा स्वतःला नावं ठेवणारा आवाज असतो' हे खरंच आहे. माझ्याही आहे. पण अशरमधलं काळेपण काढा, जाडेपण काढा, समलिंगी असणं काढा, चर्च काढा, आणि मग जे उरेल ते 'अगदी माझ्यासारखं' म्हणा, हा कुठला न्याय? तुमच्या मनातला आवाज तुम्हाला तुमच्या आईच्या तोंडून देवाची शिक्षा ऐकवत नाही. नाटकात प्रयोगाला आलेली एक प्रेमळ पर्यटक बाई डोअरकीपरशी दोन शब्द बोलते, त्याला धीर देते, न घाबरता मनासारखं लिही म्हणते. फार गोड गाणं आहे. सगळ्या प्रेक्षागृहाला ती बाई म्हणजे आपणच असं वाटलं असणार. मलाही वाटलं. बाहेर पडताना दाराशी खराखुरा डोअरकीपर उभा होता, काळा पोरगा, प्रत्येकाला 'गुड नाइट' म्हणत होता. गर्दी नाटकाबद्दल बोलत त्याच्या अंगावरून गेली. (आणि 'लायन किंग' चालतं ते थिएटर त्याच रस्त्यावर, पंचेचाळिसाव्या, काही पावलांवर आहे.)

हे अमेरिकेचंच नाही. १९७२ साली मुंबईत तरुण दलित लेखकांनी संघटना काढली तेव्हा तिथल्या ब्लॅक पँथरवरून दलित पँथर हे नाव घेतलं, म्हणजे दोन्हीकडची दुखणी एकमेकांना ओळखत होती. १९७८ साली दया पवारांचं 'बलुतं' आलं. तेव्हा मी नोकरीत नवी होते. शिक्षकांच्या खोलीत एकाच आठवड्यात ते चारजणांनी वाचलं, 'काय भोगलंय हो यांनी' असं प्रत्येकाने म्हटलं, आणि पाण्याचा माठ होता तिथेच राहिला. कोण कोणत्या पेल्याने पीत होतं ते मी इथे लिहीत नाही. दुसरीकडे पवारांवर त्यांच्याच समाजातले काही चिडले, घरातला केर चव्हाट्यावर कशाला आणला म्हणून. अशरच्या आईचंही तेच दुखणं आहे. एकीकडे घरचे रागावलेले, दुसरीकडे परके गहिवरलेले, आणि ज्याने लिहिलं त्याच्याशी सरळ बोलायला कुणी नाही.

तेंडुलकरांचं 'मित्राची गोष्ट' १९८१ साली आलं, रोहिणी हट्टंगडी मित्रा करत. स्त्रीवर प्रेम करणारी स्त्री मराठी रंगमंचावर इतकी उघडपणे उभी राहिली, ही मोठीच गोष्ट होती. पण ती शेवटी जीव देते. मला हल्ली वाटतं, आपल्याला अशी माणसं नाटकाच्या शेवटी गेलेली सोयीची पडतात. हळहळता येतं, आणि दुसऱ्या दिवशी त्यांना जेवायला बोलवावं लागत नाही. अशर मरत नाही. सुधारतही नाही, त्याला कुणी जोडीदार मिळत नाही, आई बदलत नाही. तो तसाच, तिथेच, पुन्हा सुरुवातीला उभा असतो. बऱ्याच जणांनी मला सांगितलं की शेवट 'जरा अपुरा' वाटला. त्यांना तो मुलगा एकतर सुखी करून हवा होता किंवा मेलेला.

आता घरचं.

आपल्या नात्यात एक मुलगा आहे. नाव लिहीत नाही, त्याला विचारूनच हे लिहितेय, 'लिही, पण नाव नको' म्हणाला. तो आणि त्याचा जोडीदार सहा वर्षं एका घरात राहतात. २०१८ च्या सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयाने ३७७ कलमाची ती जाच करणारी बाजू काढली, तेव्हा याच व्हॉट्सअ‍ॅपवर इंद्रधनुष्यं आली होती, मी मोजली होती, अकरा. २०२३ च्या ऑक्टोबरात त्याच न्यायालयाने अशा विवाहांना मान्यता द्यायचं नाकारलं तेव्हा कुणी काही लिहिलं नाही. त्यानंतरच्या वर्षी घरात लग्न झालं. त्या मुलाला फोन गेला, 'तू एकटाच ये हं, मोठी माणसं असतील.' मोठी माणसं म्हणजे कोण? सर्वात मोठी मीच आहे. मला कुणी विचारलं? माझ्या म्हातारपणाचं निमित्त करून दार लावून घेतलं, हा माझाही अपमान आहे, आणि तो मी चालवून घेणार नाही. फोन करणारे आणि नाटकगृहाबाहेर हसत फोटो काढणारे यांच्यात दोन नावं तीच आहेत. त्यांना ठाऊक आहे.

तो आला नाही. आहेर पाठवला, पितळी समई, सुंदर आहे. तीही सगळ्यांना 'किती गोड' वाटली.

'लोक काय म्हणतील' म्हणाल तर लोकांचं मी बघते. शहात्तर वर्षांच्या बाईला लोक फारसं काही म्हणत नाहीत, म्हातारपणाचा तेवढाच फायदा. 'आम्हाला काही वाटत नाही हो, पण मुलांपुढे...' असंही एकीने म्हटलं. मुलांना सगळं ठाऊक आहे. माझ्या नातीने तर मला कोशात नसलेले शब्द समजावले!

मे महिन्यात नाशिकला मुंज आहे. पत्रिका अजून छापखान्यात गेलेल्या नाहीत. ज्यांच्याकडे त्या दोघांचा पत्ता नसेल त्यांनी माझ्याकडून घ्यावा. एकच पत्ता आहे, तेव्हा एक पत्रिका पुरेल, फक्त वर नावं दोन घालावीत.